सिमेंटची नाडी पाहणारा अभियंता : लुई विका

स्थापत्य अभियांत्रिकी शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रयोगशाळेत एका साध्या उपकरणाची ओळख होते. लोखंडी चौकटीत वर-खाली सरकणारा एक दांडा, त्याच्या टोकाला बसवलेली बारीक सुई आणि बाजूला मिलिमीटरची पट्टी, एवढाच त्याचा थाट. सुईखाली ४० मिलिमीटर खोलीच्या साच्यात सिमेंट आणि पाण्याचा लगदा भरलेला असतो. सरकत्या भागाचे वजन ३०० ग्रॅम. ठरावीक वेळाने सुई अलगद सोडायची आणि ती किती खोल शिरते ते पाहायचे. सुरुवातीला ती थेट तळ गाठते. काही वेळाने तळापासून सुमारे ५ मिलिमीटर अलीकडेच अडते. त्या क्षणी सिमेंट घट्ट होण्यास आरंभ झाला असे मानले जाते. भारतीय मानकानुसार साध्या पोर्टलँड सिमेंटच्या बाबतीत हा क्षण पाणी मिसळल्यापासून ३० मिनिटांच्या आत येता कामा नये, आणि पूर्ण घट्ट होण्यास ६०० मिनिटांहून अधिक वेळ लागता कामा नये.

या उपकरणाला आपल्याकडील विद्यार्थी ‘विकॅट अॅपरेटस’ म्हणतात. ज्याच्या नावाने ते ओळखले जाते तो माणूस फ्रेंच होता आणि फ्रेंच उच्चारात नावाच्या शेवटचा ‘ट’ गळून पडतो. लुई विका हे त्याचे खरे नाव. मराठी कानाला हे आडनाव काहीतरी विकून टाकण्याची आज्ञा वाटावे असे आहे. गंमत अशी, की आयुष्यात सर्वांत मोलाची जी गोष्ट या माणसाच्या हाती लागली, ती त्याने विकली नाही.

गेल्या काही दशकांत सुईच्या जोडीला श्राव्यातीत ध्वनिलहरी आल्या आहेत. सोनोग्राफीत पोटातील गर्भाची हालचाल पाहण्यासाठी वापरतात त्याच जातीच्या लहरी ओल्या काँक्रीटमधून पाठवून ते आतून कसे घट्ट होत आहे याचा मागोवा मिनिटामिनिटाला घेता येतो. मात्र या लहरी ज्या प्रश्नाचे उत्तर शोधतात, तो प्रश्न मोजमापाच्या भाषेत मांडण्याचे श्रेय विका यांच्याकडे जाते. दोनशे वर्षांपूर्वी, एका नदीच्या काठी, पैशाअभावी काम थांबले असताना त्यांनी तो मांडला.

लुई-जोसेफ विका यांचा जन्म ३१ मार्च १७८६ रोजी मध्य फ्रान्समधील नव्हेर या गावी झाला. घराणे मूळचे आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या ग्रनोबल परिसरातील. लुई यांचे बालपणही तेथेच गेले. ते तीन वर्षांचे असताना फ्रेंच राज्यक्रांती झाली. जुनी व्यवस्था कोसळली आणि तिच्या जागी ज्या संस्था उभ्या राहिल्या, त्यांत पॅरिसची एकोल पोलीतेक्निक ही एक होती. जन्मापेक्षा गणिताला महत्त्व देणाऱ्या या विद्यालयात विका १८०४ मध्ये दाखल झाले. त्याच वर्षी नेपोलियन सम्राट झाला आणि त्याने या विद्यालयाला लष्करी शिस्त लावली. तेथून विका यांनी पूल व रस्ते यांचे शिक्षण देणाऱ्या विद्यालयात प्रवेश घेतला आणि शासकीय बांधकाम खात्यातील अभियंता म्हणून ते बाहेर पडले. इथपर्यंतची वाटचाल त्या काळच्या कोणत्याही हुशार फ्रेंच तरुणासारखीच होती.

१८१२ मध्ये त्यांच्यावर सुयाक या गावाजवळ दोर्दोन्य नदीवर पूल बांधण्याची जबाबदारी आली. वय २६ वर्षे. दोर्दोन्य ही पुराची नदी. तिच्या पात्रात खांबांचे पाये घालायचे म्हणजे पाण्याखाली टिकेल असे बांधकाम हवे. पण त्याच वर्षी नेपोलियनने रशियावर स्वारी केली, पुढे पराभवांची मालिका सुरू झाली, राजवट बदलली आणि तिजोरीत पुलासाठी पैसा उरला नाही. काम रखडले. सरकारी कामे रखडण्याचा अनुभव आपल्या वाचकांना नवा नाही. रखडलेल्या कामावरील अभियंत्याने तो वेळ कसा घालवला, हे मात्र सहसा लिहून ठेवण्याजोगे नसते. विका यांच्या बाबतीत ते आहे.

त्यांनी चुन्याचा अभ्यास सुरू केला. या ठिकाणी थोडे थांबून त्या काळची अडचण समजून घ्यायला हवी. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना मिळतो. त्यावर पाणी टाकले की तो फुलून विरतो. वाळूत मिसळून भिंतीत घातलेला असा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू कठीण होतो. पाण्याखाली हवा पोचत नाही, त्यामुळे शुद्ध चुना तेथे वर्षानुवर्षे लोण्यासारखा मऊच राहतो. तरीही काही ठिकाणचा चुना पाण्याखालीही घट्ट होतो, हे गवंड्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. रोमन लोक चुन्यात ज्वालामुखीची राख मिसळत. इंग्लंडमध्ये जॉन स्मीटन यांनी एडिस्टनच्या दीपगृहासाठी १७५६ मध्ये केलेल्या प्रयोगांत, ज्या चुनखडीत चिकणमातीचा अंश असतो तिचाच चुना पाण्यात टिकतो, असे दिसून आले होते. पण त्यामागचे कारण वादग्रस्त होते. हा गुण मँगेनीजमुळे येतो असे म्हणणारे नामवंत रसायनशास्त्रज्ञ होते, तो वाळूतील सिलिकामुळे येतो असे म्हणणारेही होते.

वाद पुस्तकी नव्हता. कारण ठाऊक नसेल तर अभियंत्याला खाणीच्या लौकिकावर विसंबावे लागे. एका गावचा चुना उत्तम, शेजारच्या गावचा कुचकामी, आणि तो कुचकामी असल्याचे कळायचे ते पुरात खांब वाहून गेल्यावर. चांगला चुना लांबून आणायचा तर बैलगाड्यांचे भाडे चुन्याच्या किमतीहून अधिक.

विका यांनी वेगवेगळ्या खाणींतील चुनखडी गोळा केली, ती भाजली, विरवली, तिचे लगदे करून भांड्यांत भरले आणि वर पाणी ओतून ठेवले. मग प्रश्न आला मोजायचे कसे. लगदा घट्ट झाला की नाही, हे तोवर गवंडी अंगठा दाबून ठरवीत. प्रत्येकाचा अंगठा वेगळा, दाब वेगळा. विका यांनी कापड विणण्याची एक सुई घेतली. तिचा व्यास १.२ मिलिमीटर होता. तिचे टोक कानशीने घासून सपाट केले आणि तिच्यावर ०.३० किलोग्रॅम वजन ठेवले. ज्या दिवशी ही सुई पृष्ठभागावर खड्डा न पाडता उभी राहील, त्या दिवशी चुना घट्ट झाला, अशी त्यांनी व्याख्या केली. आजच्या प्रयोगशाळेतील ३०० ग्रॅम हे वजन थेट त्या विणकामाच्या सुईपासून आले आहे.

व्याख्या हातात आल्यावर सगळा गोंधळ ओळीत उभा राहिला. जो चुना पाण्याखाली २ ते ४ दिवसांत सुई पेलतो तो अतिशय उत्तम, ६ ते ८ दिवस घेणारा चांगला, १५ ते २० दिवस लावणारा मध्यम, आणि कधीच न पेलणारा पाण्याच्या कामास निरुपयोगी, असे वर्ग त्यांनी पाडले. मग प्रत्येक वर्गातील चुनखडीचे रासायनिक पृथक्करण करून पाहता, चिकणमातीचे प्रमाण जितके अधिक तितका घट्ट होण्याचा काळ कमी, हे ठसठशीत दिसले. मँगेनीजचा काही संबंध नव्हता.

इथवर पोचलेला दुसरा एखादा संशोधक येथेच थांबला असता. विका यांनी उलट बाजूने सिद्धता मागितली. चिकणमातीमुळेच हा गुण येत असेल, तर ज्या चुन्यात तो मुळीच नाही त्यात चिकणमाती मिसळून तो निर्माण करता आला पाहिजे. त्यांनी विरवलेला शुद्ध चुना घेतला, त्यात चिकणमाती कालवली, तिचे गोळे करून वाळवले आणि पुन्हा भट्टीत घातले. शुद्ध चुन्याच्या १०० भागांना चिकणमातीचे सुमारे २० भाग हे प्रमाण त्यांना योग्य आढळले. भट्टीच्या उष्णतेत चुना आणि मातीतील सिलिका व अॅल्युमिना यांचा संयोग होतो आणि त्यातून जे संयुग बनते ते पाण्याशीच अभिक्रिया करून घट्ट होते. त्याला हवेची गरज उरत नाही. १८१७ मध्ये हा कृत्रिम जलीय चुना सिद्ध झाला. आजच्या सिमेंटचा तो थेट पूर्वज आहे. यापुढे चांगला चुना मिळणे हा भूगोलाचा प्रश्न राहिला नाही. चुनखडी आणि चिकणमाती पृथ्वीच्या पाठीवर जवळजवळ सर्वत्र आहेत.

१८१८ मध्ये त्यांनी हे संशोधन पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ठेवले. प्रोनी आणि गे-ल्युसाक यांच्यासारखी मातब्बर मंडळी परीक्षकांत होती. अकादमीने अनुकूल मत दिले आणि त्याच वर्षी विका यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पुस्तक मान्य होणे वेगळे आणि त्यातील चुन्यावर पूल उभा करणे वेगळे. सुयाकच्या पुलाचे काम पुन्हा सुरू झाले तेव्हा विका यांनी पायात स्वतःचाच चुना वापरला. भांड्यातील प्रयोग चुकला तर लगदा फेकून देता येतो. नदीतला खांब खचला असता तर त्यांची नोकरी आणि नाव दोन्ही दोर्दोन्यबरोबर वाहून गेली असती. सात कमानींचा, सुमारे १८० मीटर लांबीचा हा पूल १८२२ मध्ये पूर्ण झाला. तो आजही उभा आहे आणि त्याला विका यांचेच नाव आहे.

विका यांनी या शोधाचे एकस्व घेतले नाही. कृती, प्रमाण, भट्टीची रीत, चाचणीची सुई, सारे काही त्यांनी पुस्तकात मांडून मोकळे केले. त्यांचा शोध वाचून इतरांनी मात्र संधी साधली. सेंट लेजर नावाच्या गृहस्थांनी १८१८ मध्येच इंग्लंडमध्ये अशा चुन्याचे एकस्व मिळवले. पॅरिसजवळ म्यूदाँ येथे खडू आणि चिकणमाती यांपासून तो बनवण्याचा कारखानाही निघाला. १८२४ मध्ये लीड्सच्या जोसेफ अॅस्पडिन या गवंड्याने ‘पोर्टलँड सिमेंट’ या नावाने एकस्व घेतले. त्या दस्तऐवजातील कृती चुनखडी आणि चिकणमाती एकत्र भाजण्याचीच आहे. जगभरच्या गोण्यांवर आज जे नाव छापले जाते ते अॅस्पडिनच्या एकस्वातले आहे. एकस्व घेणाऱ्याचे नाव मालाला मिळाले आणि न घेणाऱ्याचे मालाच्या परीक्षेला, असा हा हिशेब आहे. यात कोण जिंकले हे ज्याने त्याने ठरवावे; प्रस्तुत लेखकाला परीक्षेचा मान मोठा वाटतो.

अर्थात या कथेला दुसरी बाजूही आहे. विका हे सरकारी पगारी अभियंते होते आणि शोध सरकारी कामावर लागला होता, म्हणून एकस्व घेण्यात औचित्य नव्हते, असे कोणी म्हणेल. त्या काळच्या फ्रान्समध्ये असा नियम सर्वांना बांधत होता असे मात्र दिसत नाही. शिवाय त्यांनी केवळ एकस्व नाकारले नाही. पुढील कित्येक वर्षे ते देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरले, नदीच्या खोऱ्यांमागून खोरी पालथी घातली, जिथे जिथे चुनखडी दिसेल तिथले नमुने तपासले आणि पाण्यात टिकणारा चुना देणाऱ्या शेकडो खाणी हुडकून त्यांची माहिती खात्याला दिली. कालवे, बंदरे आणि पूल यांच्या बांधणीचा खर्च त्यामुळे प्रचंड घटला. १८४५ मध्ये फ्रेंच संसदेने त्यांना राष्ट्रीय कृतज्ञता म्हणून वार्षिक ६,००० फ्रँकचे वेतन मंजूर केले. विख्यात शास्त्रज्ञ आणि संसद सदस्य फ्रान्स्वा अरागो यांनी त्यासाठी रदबदली केली होती. वाचलेल्या खर्चाच्या तुलनेत ही रक्कम किरकोळच म्हणावी लागेल.

विका यांच्या ग्रंथाचा भारताशी आलेला संबंध फारसा सांगितला जात नाही. १८२८ मध्ये त्यांनी आपल्या संशोधनाचा सुधारित, विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे इंग्रजी भाषांतर १८३७ मध्ये लंडनमध्ये निघाले आणि ते करणारे होते मद्रास इंजिनिअर्सचे कॅप्टन जे. टी. स्मिथ. स्मिथ यांनी नुसते भाषांतर केले नाही, नव्या प्रयोगांच्या आधारे टिपाही जोडल्या. मद्रासकडील लष्करी अभियंत्याला हा ग्रंथ इंग्रजीत आणावासा वाटला, याचे कारण समजण्यासारखे आहे. आपल्याकडे कंकराचा चुना पाण्याच्या कामाला चांगला, आणि साध्या चुन्यात भाजलेल्या विटांची पूड म्हणजे सुरखी घातली की तो पाण्यात टिकतो, हे कारागिरांना पूर्वापार माहीत होते. कंकरात चिकणमाती निसर्गतःच मिसळलेली असते. सुरखी म्हणजे तर भाजलेली चिकणमातीच. चुन्याच्या घाण्यावर तासन्‌तास दगडी चाक फिरवणाऱ्या आपल्या कामगारांच्या ज्ञानामागचे कारण विका यांच्या कोष्टकांत होते.

त्यांची बुद्धी चुन्यापुरती मर्यादित नव्हती. आर्जाँता येथे दोर्दोन्यवरच्याच झुलत्या पुलासाठी १८३० च्या सुमारास, तारांचे दोर आधी वळून वर चढवण्याऐवजी एकेक तार नदीवरूनच ओढून जागेवर दोर तयार करण्याची पद्धत त्यांनी अवलंबिली. पुढे अमेरिकेतील प्रचंड झुलत्या पुलांनी हीच कल्पना वापरली. सतत ताणाखाली असलेली लोखंडी तार वर्षानुवर्षे हळूहळू लांबत जाते, हेही त्यांनी प्रयोगाने दाखवले. या विषयांवर स्वतंत्र लेख होऊ शकेल.

उतारवयात त्यांना समुद्राने ग्रासले. नदीच्या पाण्यात उत्तम टिकणारी मिश्रणे समुद्राच्या पाण्यात काही वर्षांत भुसभुशीत होतात, असे बंदरांच्या कामांत आढळत होते. सत्तरी ओलांडल्यावरही विका यांनी याची रासायनिक कारणे शोधण्याचे काम चालू ठेवले आणि १८५७ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. हा प्रश्न त्यांच्या हयातीत सुटला नाही. समुद्राच्या पाण्यातील सल्फेट सिमेंटमधील अॅल्युमिनेटशी संयोग पावतात आणि त्यातून फुगणारी संयुगे बनतात, याचा पूर्ण उलगडा नंतरच्या पिढ्यांनी केला. १० एप्रिल १८६१ रोजी ग्रनोबल येथे त्यांचे निधन झाले. पुढे आयफेल मनोऱ्यावर ज्या ७२ शास्त्रज्ञ-अभियंत्यांची नावे कोरली गेली, त्यांत विका यांचे नाव आहे.

सिमेंट घट्ट होते म्हणजे आत नेमके काय घडते, हे मात्र विका यांना पाहता आले नव्हते. १८८७ मध्ये ऑन्री ल शातलिए यांनी आपल्या प्रबंधात दाखवले, की सिमेंटचे कण पाण्यात विरघळतात आणि त्यातून नव्या संयुगांचे स्फटिक बाहेर पडून एकमेकांत गुंततात. हे गुंतणे सुईला दिसत नाही. तिला फक्त त्याचा परिणाम, म्हणजे वाढता विरोध, जाणवतो. आणि तोही ठरावीक वेळाने, ठरावीक जागी. शिवाय सुई लगद्यावर चालते. खडी घातलेल्या काँक्रीटमध्ये ती पहिल्याच खड्यावर अडेल. प्रयोगशाळेचे तापमान भारतीय मानकानुसार २७ अंशांच्या आसपास ठेवलेले असते, तर प्रत्यक्ष कामावर कधी डिसेंबरची रात्र असते.

या फरकाची किंमत माणसांनी मोजली आहे. २७ एप्रिल १९७८ रोजी अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात विलो आयलंड येथे वीज केंद्राचा शीतकरण मनोरा बांधला जात होता. मनोरा जसजसा वर जाई तसतशी कामगारांची परांची त्याच्याच ताज्या भिंतीला टेकवून वर चढवली जाई. त्या दिवशी परांचीचा भार आदल्या दिवशी ओतलेल्या काँक्रीटवर आला. रात्र थंड होती आणि काँक्रीटने पुरेशी ताकद धरलेली नव्हती. भिंतीचा वरचा थर सुटला आणि ५१ कामगार मृत्युमुखी पडले. चौकशीत अपुऱ्या ताकदीचे काँक्रीट हेच कारण पुढे आले. सिमेंटमध्ये दोष होता असे नव्हे. भिंतीतले काँक्रीट त्या सकाळी कोणत्या अवस्थेत आहे, याची खात्री कोणी करून घेतली नव्हती.

ध्वनिलहरींचा उपयोग इथे आहे. त्याची कल्पना १९४० च्या दशकाच्या अखेरची. ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेत आणि कॅनडात, काँक्रीटमधून लहरींचे ठोके पाठवून त्यांचा वेग मोजणारी उपकरणे जवळजवळ एकाच वेळी तयार झाली. अमेरिकेतील ई. ए. व्हाइटहर्स्ट यांनी १९५१ मध्ये अशा उपकरणाने ताज्या काँक्रीटचा घट्ट होण्याचा काळ मोजून दाखवला. तत्त्व सोपे आहे. एका बाजूने लहर सोडायची, दुसऱ्या बाजूला ती केव्हा पोचली ते सेकंदाच्या दशलक्षांश भागांत मोजायचे. लहर घन पदार्थात वेगाने जाते, द्रवात सावकाश. शुद्ध पाण्यात तिचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर. ताज्या काँक्रीटमध्ये मात्र तो याहूनही पुष्कळ कमी भरतो, कारण कालवताना आत अडकलेले हवेचे बारीक बुडबुडे लहरीला रोखतात. पहिले काही तास आलेख जवळजवळ सपाट राहतो. मग सिमेंटच्या कणांवर वाढलेले स्फटिक एकमेकांना टेकू लागतात, लहरीला घन पदार्थातून अखंड वाट मिळते आणि वेग झपाट्याने चढतो. त्यानंतर चढ मंदावतो. पूर्ण कठीण झालेल्या चांगल्या काँक्रीटमध्ये वेग सेकंदाला ३,५०० ते ४,५०० मीटर असतो. भारतीय मानकाने १९९२ मध्ये याच पल्ल्याला ‘चांगले’ म्हटले आहे, आणि त्याहून अधिक असेल तर ‘उत्कृष्ट’.

लहरींच्या आणखी एका जातीने हा क्षण अधिक नेमका पकडता येतो. पुढे-मागे दाबत जाणारी लहर द्रवातूनही जाते. पण आडवी हेलकावत जाणारी, म्हणजे कर्तन लहर, द्रवातून जाऊच शकत नाही, कारण द्रवाला स्वतःचा आकार नसतो. लगद्यातून अशी लहर पहिल्यांदा पलीकडे पोचली, की आत घन सांगाडा उभा राहिला, असे समजावे. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात भारतीय वंशाचे प्रा. सुरेंद्र शहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तत्त्व परावर्तनाने वापरले. काँक्रीटला टेकवलेल्या पोलादी पट्टीत कर्तन लहर सोडायची. काँक्रीट द्रवरूप असेतो सगळी लहर परत फिरते. ते घट्ट होऊ लागले की तिचा काही अंश काँक्रीटमध्ये शिरतो आणि परतणारी लहर क्षीण होते. या पद्धतीत एकाच बाजूने काम भागते, म्हणून रस्ता किंवा स्लॅब यांसारख्या पलीकडची बाजू हाती न लागणाऱ्या कामांना ती उपयोगी. जर्मनीत स्टुटगार्ट येथेही या विषयावर मोठे काम झाले आणि २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय समितीने या सर्व पद्धतींचा आढावा प्रसिद्ध केला.

तेलविहिरींत तर सुईला प्रवेशच नाही. हजारो मीटर खोल, प्रचंड दाबाखाली पोलादी नळाभोवती सिमेंट भरायचे असते. त्यासाठी प्रयोगशाळेत विहिरीइतकाच दाब आणि तापमान देऊन लहरींच्या वेगावरून सिमेंटची वाढती ताकद नोंदवणारी उपकरणे १९८० च्या दशकापासून वापरात आहेत. उपकरण आहे म्हणजे खबरदारी घेतली जाते, असे नव्हे. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात मकाँडो विहिरीचा स्फोट होऊन ११ जण मरण पावले, तेव्हा विहिरीच्या तळाशी भरलेल्या सिमेंटने वायू अडवला नाही, हे चौकशीत निष्पन्न झाले.

मग लहरींनी सुईला निवृत्त केले काय? तसे झालेले नाही. लहरींच्या आलेखावरील नेमका कोणता बिंदू ‘घट्ट होण्याचा आरंभ’ मानावा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. कोणी चढ सुरू होतो तो बिंदू धरतात, कोणी चढ सर्वांत तीव्र असतो तो. आणि आपला बिंदू बरोबर आहे हे पटवण्यासाठी प्रत्येक जण शेवटी त्याच मिश्रणाच्या लगद्यावर सुईने घेतलेली वेळ बाजूला मांडून दाखवतो. सिमेंटच्या कारखान्यातून निघणाऱ्या मालाच्या दाखल्यावरही घट्ट होण्याचा काळ सुईनेच मोजून लिहिला जातो.

विका यांच्या घराण्यानेही अखेर सिमेंट विकलेच, पण ते पुढच्या पिढीने. त्यांचे पुत्र जोसेफ यांनी १८५३ मध्ये ग्रनोबलजवळ सिमेंटचा कारखाना काढला आणि त्यातून विका समूह उभा राहिला. २००८ मध्ये या समूहाने भारतात पाऊल टाकले. २०१० मध्ये आंध्र प्रदेशातील भारती सिमेंटमध्ये त्याने ५१ टक्के वाटा घेतला आणि कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यातील छत्रसाल येथेही कारखाना उभारला. सोलापूरहून हे ठिकाण फार दूर नाही. तेथून निघणाऱ्या सिमेंटलाही, इतर कोणत्याही भारतीय सिमेंटप्रमाणे, ३० मिनिटांची आणि ६०० मिनिटांची अट लागू आहे.